मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूंवरील उष्णता-संस्करण व त्यांची सूक्ष्मरचना

उरणच्या परिसरात व ठाण्याच्या खाडीकाठी पूर्वी पुष्कळ मिठागरे होती. त्यांपैकी थोडी आजही दृष्टीस पडतात. मिठागरातील मीठ ओढून घेतल्यावर जे कडू पाणी मागे उरते, त्यात मॅग्नेशियमाची क्लोराइड व सल्फेट ही लवणे असतात. समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात सुमारे १.३ किलोग्रॅम मॅग्नेशियम विरघळलेले असते, आणि अमेरिकेतील टेक्सस राज्यात फ्रीपोर्ट येथे १९४१ साली डाऊ कंपनीने ह्याच पाण्यातून हा धातू मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला होता. नवी मुंबईत राहणाऱ्या धातुविज्ञानाच्या अभ्यासकाचे ह्या धातूशी अशा रीतीने दुहेरी नाते आहे. ज्या खाऱ्या पाण्यात तो साठलेला आहे, त्याच पाण्यावरून येणारी दमट हवा त्याची मोठी वैरीण आहे. ह्या वैराचा विचार लेखाच्या उत्तरार्धात करावयाचा आहे. प्रथम मूळ प्रश्नाकडे वळू.

प्रश्नाचे स्वरूप

मॅग्नेशियमाची घनता दर घनसेंटिमीटरास १.७४ ग्रॅम आहे; म्हणजे तो ॲल्युमिनियमाच्या सुमारे दोन-तृतीयांश व पोलादाच्या चतुर्थांशाहूनही कमी वजनाचा आहे. विमाने, मोटारगाड्या व हातात वागवावयाची यंत्रे ह्यांत वजनाला महत्त्व असते, म्हणून अभियंत्यास ह्या धातूचे आकर्षण वाटावे हे साहजिक होय. जर्मनीतील ग्रीसहाइम-एलेक्ट्रॉन कंपनीने १९०९ साली फ्रँकफुर्टच्या विमानविद्येच्या प्रदर्शनात आपले मॅग्नेशियमाचे मिश्रधातू मांडले, तेव्हापासून हे आकर्षण कायम आहे. शुद्ध मॅग्नेशियम मात्र मऊ असल्यामुळे त्यात ॲल्युमिनियम, जस्त, मँगॅनीज, इट्रियम, निओडिमियम इत्यादी धातू मिसळावे लागतात. आणि मिसळलेल्या धातूचा पुरता उपयोग करून घ्यावयाचा तर उष्णता-संस्करणाचा आश्रय घ्यावा लागतो.

आपल्याकडील विद्यार्थी ह्या विषयाकडे बहुधा ॲल्युमिनियमाच्या मार्गाने येतो. तळोजा येथे ॲल्युमिनियमाचे पत्रे लाटण्याचा हिंडाल्कोचा कारखाना आहे. विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांतही अवक्षेपणाने येणाऱ्या काठिण्याचे उदाहरण म्हणून आल्फ्रेट व्हिल्म ह्यांनी १९०६ साली लावलेल्या शोधाचेच वर्णन असते. मिश्रधातू तापवून मिसळलेला धातू विरघळवावा, तो झटपट थंड करावा, आणि नंतर मध्यम तापमानावर काही काळ ठेवून सूक्ष्म अवक्षेप पडू द्यावेत, ही ती त्रिविध कृती होय. विद्यार्थी हीच कृती मॅग्नेशियमाच्या एझेड ९१ ह्या सर्वांत प्रचलित मिश्रधातूवर करतो. ह्या मिश्रधातूत सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम, १ टक्क्याच्या आतबाहेर जस्त व थोडे मँगॅनीज असते. कृती यथासांग होते, अवक्षेपही भरपूर पडतात. त्यांचे आकारमान एकंदर मिश्रधातूच्या शेकडा दहाच्या आसपास जाते, आणि हे प्रमाण ॲल्युमिनियमाच्या नेहमीच्या मिश्रधातूंत आढळणाऱ्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक आहे. असे असूनही काठिण्यातील वाढ बेताचीच होते. मग विद्यार्थी भट्टीला दोष देतो, तापमापकाला दोष देतो, क्वचित स्वतःलाही देतो.

वस्तुतः दोष ह्यांपैकी कोणाचाच नसतो. कृती एक असली, तरी जिच्यावर ती करावयाची ती स्फटिकरचना निराळी आहे. मॅग्नेशियमाच्या बाबतीत अवक्षेप किती पडले ह्यापेक्षा ते कोठे पडले आणि स्फटिकाच्या कोणत्या प्रतलावर पसरले, ह्यावरच सर्व काही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हेच एक सूत्र स्पष्ट करावयाचे आहे.

स्फटिकाची घडण

ॲल्युमिनियमाचे अणू घनाकृती रचनेत बसलेले असतात, तर मॅग्नेशियमाचे अणू षट्कोणी निबिड रचनेत असतात. षट्कोणी लोलक डोळ्यांसमोर आणला असता त्याच्या तळाला समांतर असलेल्या प्रतलांस आधार-प्रतले व बाजूंना समांतर असलेल्या प्रतलांस पार्श्व-प्रतले म्हणू. लोलकाच्या उंचीचे तळाच्या बाजूशी गुणोत्तर १.६२४ असून, गोल एकमेकांस चिकटून रचल्यास जे १.६३३ हे आदर्श गुणोत्तर मिळते त्याच्या ते अगदी जवळ आहे.

धातू वाकतो तेव्हा त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. हे घसरणे संपूर्ण थराने एकदम होत नाही; स्थानभ्रंश नावाचे रेषारूप दोष प्रतलावरून सरकत जातात व त्यामुळे घसरण घडते. मॅग्नेशियमात नेहमीच्या तापमानास ही घसरण मुख्यतः आधार-प्रतलांवरच होते, कारण तेथे ती अत्यल्प प्रतिबलाने होऊ शकते. पार्श्व-प्रतलांवर घसरण होण्यास त्याच्या कितीतरी पट प्रतिबल लागते. आकारात वाटेल तो बदल होऊ देण्यासाठी कणास परस्परांवर अवलंबून नसलेल्या पाच घसरण-रीती आवश्यक असतात, आणि आधार-प्रतलापासून तशा दोनच मिळतात. उरलेली गरज अंशतः यमलनाने भागते. म्हणजे कणाचा एक पट्टा सुमारे ८६ अंशांनी वळून निराळ्या दिशेस उभा राहतो. मॅग्नेशियमाची तन्यता मर्यादित असण्याचे मूळ ह्यात आहे.

ह्यावरून उष्णता-संस्करणाचे उद्दिष्ट निश्चित होते. धातू दृढ करावयाचा म्हणजे आधार-प्रतलावरून सरकणाऱ्या स्थानभ्रंशांस अडथळा करावयाचा. जो अवक्षेप ह्या मार्गात उभा राहील तो उपयोगी, आणि जो मार्गाला समांतर आडवा पडेल तो बव्हंशी निरुपयोगी, अशी सोपी कसोटी येथे हाती लागते.

ओतीव अवस्था

साच्यात ओतून थंड झालेल्या एझेड ९१ चा नमुना घासून, चकचकीत करून व अम्लाने किंचित कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मॅग्नेशियमाचे कण आणि त्यांच्या सीमांवर पसरलेले दुसरे एक शुभ्र द्रव्य दिसते. कणांतील मॅग्नेशियमप्रधान घन विद्रावास आल्फा व ह्या दुसऱ्या द्रव्यास बीटा ही संज्ञा आहे. बीटामध्ये मॅग्नेशियमाच्या १७ अणूंमागे ॲल्युमिनियमाचे १२ अणू हे प्रमाण असते. त्याचा एकक-कोश घनाकृती असून त्यात ५८ अणू सामावतात. आल्फाच्या साध्या षट्कोणी रचनेशी ह्या मोठ्या कोशाचा मेळ सहज बसत नाही, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

समतोलाच्या आलेखाप्रमाणे पाहिले, तर ९ टक्के ॲल्युमिनियम मॅग्नेशियमात पूर्णपणे विरघळलेल्या स्थितीत घन व्हावयास हवे. कारण ४३७° सें. तापमानास त्याची विद्राव्यता १२.७ टक्के आहे. परंतु साच्यातील थंड होणे समतोलाला वाट पाहू देत नाही. आधी घन झालेल्या गाभ्यात ॲल्युमिनियम कमी राहते, शेवटच्या द्रवात ते साठत जाते, आणि तो द्रव कणांच्या फटींत गोठताना बीटा निर्माण होतो. बीटा ठिसूळ असल्यामुळे त्याचे कणसीमांवरील जाळे ही ओतीव वस्तूतील कच्ची जागा ठरते. वस्तू ताणली असता भेग ह्या जाळ्यातूनच प्रथम जाते.

विद्रावण

उष्णता-संस्करणाची पहिली पायरी म्हणजे हे जाळे विरघळवणे. एझेड ९१ च्या वाळूच्या साच्यातील ओतीव वस्तू सुमारे ४१३° सें.वर १६ ते २४ तास ठेवतात. एवढा दीर्घ काळ लागण्याचे कारण असे, की ॲल्युमिनियमाच्या अणूंना सीमेवरून कणाच्या गाभ्यापर्यंतचे अंतर विसरणाने तोडावयाचे असते, आणि घन पदार्थातील हा प्रवास मंद असतो. ह्या काळात दोन बदल घडतात. बीटाचे जाळे नाहीसे होते, आणि कणाच्या गाभ्यातील व कडेच्या भागातील संघटनाचा फरक मावळतो. ह्यानंतर वस्तू हवेत थंड केली तरी सामान्यतः चालते. अशा वस्तूस टी ४ अवस्थेतील म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण स्वच्छ व सीमा बारीक दिसतात.

येथे एका सावधगिरीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण नवशिक्याच्या हातून होणारी सर्वांत महाग चूक येथेच होते. समतोलाच्या आलेखात ४३७° हा आकडा पाहून तो ४१३° पर्यंतची उष्णता सुरक्षित मानतो व नमुना एकदम तापलेल्या भट्टीत सरकवतो. परंतु ओतीव वस्तूत समतोल नसतोच. जस्ताने समृद्ध झालेल्या शेवटच्या थेंबांचा वितळण्याचा बिंदू ह्याहून खाली असतो. ते थेंब विरघळण्यापूर्वीच वितळतात, कणसीमांवर पोकळ्या पडतात, आणि पुढे कोणत्याही उपायाने त्या भरून येत नाहीत. म्हणून भट्टी सुमारे २६०° सें.वर भरावी व तेथून सुमारे दोन तासांत सावकाश विद्रावणाच्या तापमानापर्यंत न्यावी, अशी रीत आहे. ह्या अवधीत कडेचा बीटा हळूहळू विरघळत जातो व उरलेल्या भागाचा वितळबिंदू वर सरकतो. कणसीमांच्या तिठ्यांवर गोलसर थेंबांसारखे ठिपके किंवा पोकळ्या दिसल्या, की ह्या रीतीचे उल्लंघन झाले असे खुशाल समजावे.

दाबाने साच्यात भरलेल्या ओतीव वस्तूंना ही पायरी सामान्यतः देता येत नाही. भरताना आत कोंडलेली हवा तापल्यावर प्रसरण पावते व पृष्ठावर फोड येतात. मोटारगाड्यांतील मॅग्नेशियमाच्या पुष्कळशा वस्तू ह्याच पद्धतीने होत असल्यामुळे त्या ओतीव अवस्थेतच वापरल्या जातात, हे ध्यानात ठेवावे. उत्तम उष्णता-संस्करण कोणते हा प्रश्न विचारण्यापूर्वी ते करण्याजोगी वस्तू आपल्या हाती आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

अवक्षेपण

ॲल्युमिनियमाची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने घटते; २००° सें.ला ती ३ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून टी ४ अवस्थेतील घन विद्राव नेहमीच्या तापमानास अतिसंपृक्त असतो. त्यास सुमारे १७०° सें.वर १६ तास किंवा २१५° सें.च्या जवळपास ५ ते ६ तास ठेवले, म्हणजे बीटा पुन्हा बाहेर पडू लागतो. ह्या अवस्थेस टी ६ म्हणतात. विरघळवलेलाच पदार्थ परत बाहेर काढावयाचा, हा उद्योग प्रथमदर्शनी व्यर्थ भासेल. परंतु पूर्वी तो ओबडधोबड जाळ्याच्या रूपाने सीमांवर होता, आणि आता तो कणांच्या आत सूक्ष्म रूपाने विखुरला जावा, असा हेतू असतो.

हा हेतू पूर्णपणे सफल होत नाही, कारण बीटाचे अवक्षेपण दोन निरनिराळ्या प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात अवक्षेपणाचा आरंभ कणसीमेवर होतो. सीमा स्वतःच जागची हलून शेजारच्या कणात शिरते, आणि तिच्या मागे आल्फा व बीटा ह्यांच्या आळीपाळीने रचलेल्या पट्ट्या राहतात. सीमेच्या पुढचा व मागचा भाग ह्यांच्या संघटनात एकदम खंड पडत असल्यामुळे ह्यास खंडित अवक्षेपण म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात कणाच्या आत ठिकठिकाणी बीटाचे चपटे तुकडे उगवतात व भोवतालच्या ॲल्युमिनियमाचे प्रमाण क्रमाक्रमाने घटत जाते. हे अखंड अवक्षेपण होय. एकाच नमुन्यात हे दोन्ही प्रकार चढाओढीने चालू असतात. कोरलेल्या नमुन्यात खंडित अवक्षेपणाचे भाग कणसीमांलगत काळसर पुंजक्यांसारखे दिसतात, व त्यांतील पट्ट्या जाड असल्याने दृढतेस त्यांची मदत थोडी होते. तापमान, काळ व आधीची विद्रावणाची पायरी ह्यांची निवड करताना ह्या दोन प्रकारांचे प्रमाण काय राहील, हे पाहावे लागते.

प्रत्यक्ष गुणधर्मांवर ह्याचा परिणाम काय होतो ते काही ठोकळ आकड्यांवरून दिसेल. वाळूच्या साच्यातील एझेड ९१ जातीच्या वस्तूचे ताणबल ओतीव अवस्थेत सुमारे १६५ मेगापास्कल, धातू कायमचा वाकू लागतो ते नतिबल सुमारे ९७, आणि तुटेपर्यंतची लांबीतील वाढ सुमारे २.५ टक्के असते. टी ४ अवस्थेत ताणबल २७५ च्या आसपास जाते व लांबीतील वाढ १५ टक्क्यांच्या घरात पोहोचते. नतिबल मात्र ९० पर्यंत किंचित उतरते. टी ६ अवस्थेत ताणबल तेवढेच राहून नतिबल सुमारे १४५ होते, आणि लांबीतील वाढ ६ टक्क्यांवर येते. ह्या आकड्यांत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. ठिसूळ जाळे काढून टाकल्याने होणारा लाभ पुष्कळ मोठा आहे, आणि अवक्षेपणाने होणारा लाभ खरा असला तरी त्यासाठी अर्ध्याहून अधिक तन्यतेची किंमत मोजावी लागते. ज्या वस्तूला धक्के सोसावयाचे आहेत तिला टी ४, आणि जिला आकार न बदलता भार पेलावयाचा आहे तिला टी ६, हा ठोकळ नियम ह्यातूनच निघतो.

दिशेचा प्रश्न

आता मूळ शंकेचे उत्तर देता येईल. शेकडा दहाच्या आसपास अवक्षेप असूनही दृढता बेताची का? मॅग्नेशियम व ९ टक्के ॲल्युमिनियम ह्यांच्या मिश्रधातूचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेला अभ्यास जे. बी. क्लार्क ह्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून दोन कारणे स्पष्ट झाली आहेत.

पहिले कारण अवक्षेपांच्या भरडपणाचे आहे. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंत समतोल अवक्षेपापूर्वी अतिसूक्ष्म असे मधले टप्पे येतात. अणूंचे लहान पुंजके असंख्य ठिकाणी जमतात व पुढच्या अवक्षेपांना बीजरूप होतात. मॅग्नेशियम–ॲल्युमिनियम मिश्रधातूंत असे मधले टप्पे आढळत नाहीत. समतोल बीटाच एकदम अवतरतो. त्याचा मोठा कोश आल्फात बसण्यास अवघड, म्हणून बीजे थोडी आणि तुकडे मोठे, असा प्रकार होतो.

दुसरे कारण दिशेचे असून तेच अधिक महत्त्वाचे आहे. अखंड अवक्षेपणातील बीटाचे चपटे तुकडे प्रायः आधार-प्रतलाला समांतर पसरतात. ह्याचा अर्थ समजण्यासाठी पत्त्यांचा जोड पुरेसा आहे. जोड टेबलावर ठेवून वरच्या पत्त्यांना बोटाने ढकलले, तर पत्ते एकमेकांवरून सरकतात. ह्या जोडात मधूनमधून कडक पुठ्ठ्याचे तुकडे पत्त्यांसारखेच आडवे घातले, तर पुठ्ठा ज्या थोड्या फटींत आला तेथेच काय ती अडचण होईल. बाकीचे पत्ते पूर्ववत सरकतील. त्याच पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या कापून त्या जोडातून उभ्या आरपार खुपसल्या, तर एकही पत्ता सुखासुखी सरकणार नाही. दोन्ही वेळा पुठ्ठा तेवढाच होता. फरक फक्त त्याच्या बसवण्यात होता. एझेड ९१ मध्ये निसर्गाने पुठ्ठा आडवा घातलेला आहे. कोणत्याही एका आधार-प्रतलावरून जाणाऱ्या स्थानभ्रंशास फारच थोडे तुकडे आडवे येतात, व त्यांमधील मोकळी अंतरे मोठी असतात.

मॅग्नेशियम–जस्त मिश्रधातूंत ह्याच्या उलट परिस्थिती आढळते. जस्ताची विद्राव्यता ३४०° सें.ला सुमारे ६.२ टक्के असते. अवक्षेपणाच्या वेळी आधार-प्रतलाला लंब असलेल्या अक्षाच्या दिशेने वाढणारे दांडीसारखे अवक्षेप तयार होतात आणि ते प्रत्येक आधार-प्रतलास छेदून जातात. क्लार्क ह्यांनीच १९६५ साली ५ टक्के जस्ताच्या मिश्रधातूचा असा अभ्यास केला होता. विद्रावणानंतर व अवक्षेपणापूर्वी धातू किंचित ताणला, तर नव्या स्थानभ्रंशांवर दांड्यांची बीजे अधिक संख्येने पडतात व त्या अधिक बारीक होतात. म्हणजे उष्णतेच्या जोडीला थोडे बळ वापरून सूक्ष्मरचना सुधारता येते.

इट्रियम व विरल मृदा धातू असलेल्या मिश्रधातूंत हे तत्त्व आणखी पुढे जाते. डब्ल्यूई ४३ ह्या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के इट्रियम, निओडिमियमासह सुमारे ३ टक्के विरल मृदा आणि कण बारीक ठेवण्यासाठी अर्धा टक्का झिर्कोनियम असते. त्यास सुमारे ५२५° सें.वर ८ तास विद्रावण व २५०° सें.वर १६ तास अवक्षेपण, असे संस्करण देतात. येथे अवक्षेप एकदम समतोलावस्थेस न जाता अनेक टप्प्यांनी जातात, आणि मधल्या टप्प्यांतील तबकड्या पार्श्व-प्रतलांवर वाढतात. त्या आधार-प्रतलास लंब उभ्या राहतात, आणि तीन दिशांच्या पार्श्व-प्रतलांवर असल्याने स्थानभ्रंशाभोवती जणू कुंपणच घालतात. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील जे. एफ. नी व बी. सी. मडल ह्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ह्या टप्प्यांची छाननी केली. पुढे नी ह्यांनी गणिताने असे दाखवले, की अवक्षेपांचे आकारमान व संख्या समान असता पार्श्व-प्रतलांवरील तबकड्या सर्वांत परिणामकारक, दांड्या त्याखालोखाल व आधार-प्रतलावरील तबकड्या सर्वांत दुर्बल ठरतात. डब्ल्यूई ४३ ची दृढता उच्च तापमानासही टिकते. एझेड ९१ मात्र सुमारे १२०° सें.च्या वर भाराखाली हळूहळू ताणला जाऊ लागतो. अर्थात विरल मृदा महाग असल्यामुळे हा मार्ग सर्वत्र परवडणारा नाही.

घडीव मिश्रधातूंविषयी थोडेसे

लाटलेल्या व दाबून काढलेल्या मिश्रधातूंत प्रश्नाचे स्वरूप बदलते. एझेड ३१ मध्ये ॲल्युमिनियम ३ टक्केच असल्याने अवक्षेपणाने साधण्यासारखे फार थोडे असते. येथे उष्णतेचे काम मृदूकरणाचे आहे. सुमारे ३४५° सें.वर तापवल्यास लाटताना विकृत झालेल्या कणांच्या जागी नवे, समभुज कण जन्मास येतात. काळ वाढल्यास हे कण मोठे होतात व दृढता उतरते. मॅग्नेशियमात कणांच्या आकाराचा दृढतेवरील प्रभाव ॲल्युमिनियमापेक्षा पुष्कळ अधिक असल्याने ही हानी दुर्लक्षणीय नसते. आणखी एक गोष्ट उष्णतेने सहसा बदलत नाही. लाटलेल्या पत्र्यात बहुतेक कणांची आधार-प्रतले पत्र्याला समांतर झालेली असतात, आणि मृदूकरणानंतरही ती प्रवृत्ती बरीचशी राहते. थंड पत्रा वाकवताना तडकतो तो ह्याचमुळे. विरल मृदा किंवा कॅल्शियम अल्प प्रमाणात मिसळल्यास ही एकदिश प्रवृत्ती सौम्य होते. केवळ भट्टीत ठेवण्याने तसे होत नाही.

खारी हवा

आता आरंभी उल्लेखिलेल्या वैराकडे वळू. मॅग्नेशियमाचा प्रमाण विद्युत्-विभव उणे २.३७ व्होल्ट आहे. नित्याच्या वापरातील कोणत्याही बांधकामी धातूहून तो अधिक सहज क्षरण पावतो. क्लोराइड आयन त्याच्या पृष्ठावरील संरक्षक पापुद्रा फोडतात. म्हणून खाडीकाठच्या हवेत हा विचार टाळता येत नाही.

उष्णता-संस्करणाचा येथे काय संबंध? बीटा हा आल्फापेक्षा कमी क्षरणशील असल्यामुळे दोहोंचा स्पर्श होतो तेथे लहानसा विद्युत् घट तयार होतो व शेजारचा आल्फा झिजतो. परंतु हाच बीटा बारीक व सलग जाळ्याच्या रूपाने असेल, तर तो बांधासारखे काम करून झीज एका कणातून दुसऱ्या कणात जाण्यास अटकाव करतो. ऑस्ट्रेलियातील सोंग व ॲट्रेन्स ह्यांनी १९९९ साली बीटाच्या ह्या दुहेरी भूमिकेचे विवेचन केले. ह्यावरून असे दिसून येईल, की टी ४ संस्करणाने घट नाहीसे होतात, पण बांधही नाहीसा होतो. टी ६ ने बीटा परत येतो, पण तो घट म्हणून येतो की बांध म्हणून, हे त्याच्या मांडणीवर ठरते. दृढतेच्या बाबतीत जे सूत्र आढळले तेच येथेही लागू पडते.

मात्र ह्या बाबतीत संस्करणाचे सामर्थ्य मर्यादित आहे. लोखंड, निकेल व तांबे ह्यांचा अत्यल्प अंशही क्षरण अनेक पटींनी वाढवतो, आणि भट्टीतील कोणतीही कृती ती अशुद्धी बाहेर काढू शकत नाही. एझेड ९१ च्या शुद्ध प्रकारात लोखंडाचे मँगॅनीजाशी प्रमाण ०.०३२ च्या आत ठेवतात. ज्या नमुन्याचे रासायनिक पृथक्करण झालेले नाही, त्याच्या क्षरणावरून संस्करणाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होय.

हाच दोष वैद्यकात गुण ठरला आहे. हाड जोडण्यासाठी बसवलेला मॅग्नेशियमाचा स्क्रू आपले काम झाल्यावर शरीरात विरघळून जावा, म्हणजे तो काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया नको, अशी कल्पना असून, विरल मृदायुक्त मिश्रधातूंचे असे स्क्रू युरोपात २०१३ पासून मान्यता पावले आहेत. शरीरातील द्रवही खाराच असतो. तेथे विरघळणे टाळावयाचे नसून त्याला वेळापत्रक लावावयाचे असते; हाड जुळण्यापूर्वी स्क्रू खचला तर रोग्यास त्याचे परिणाम भोगावे लागतात. सूक्ष्मरचनेचा प्रश्न येथे प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

प्रयोग करताना

भट्टीजवळ काम करणाऱ्यांसाठी चार शब्द. ४००° सें.च्या वरच्या संस्करणास भट्टीत सुमारे ०.७ टक्का सल्फर डाय-ऑक्साइड ठेवून ऑक्सिडीकरण रोखण्याची रीत जुनी आहे. सल्फर हेक्झाफ्ल्युओराइडही वापरतात. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा तापनप्रभाव कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सुमारे २३,५०० पट असल्याने ते टाळणे इष्ट. नमुन्यांबरोबर कीस किंवा तेलकट कातण भट्टीत जाऊ देऊ नये. नायट्रेट लवणांच्या वितळलेल्या कुंडात मॅग्नेशियम कधीही बुडवू नये, स्फोट होतो. पेटलेल्या मॅग्नेशियमावर पाणी ओतू नये व कार्बन डाय-ऑक्साइडाचे नळकांडेही वापरू नये, कारण तो दोहोंतही जळत राहतो. त्यासाठी योग्य अशी कोरडी पूड हाताशी असावी. नमुना चकचकीत करताना शेवटच्या पायऱ्यांत पाण्याऐवजी अल्कोहोल वापरावे, नाही तर पाण्याने पडलेले डाग सूक्ष्मरचना म्हणून नोंदले जातात.

समारोप

ह्या विवेचनावरून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास एक सूचना करावीशी वाटते. काठिण्य व काळ ह्यांचा आलेख काढून सर्वोच्च बिंदू दाखवला, म्हणजे संस्करणाचा अभ्यास झाला अशी समजूत रूढ आहे. मॅग्नेशियमाच्या बाबतीत ती अपुरी आहे. विद्रावणानंतर जाळे खरोखर विरघळले काय, कण किती वाढले, खंडित अवक्षेपणाने नमुन्याचा किती भाग व्यापला, आणि कणांच्या आतील अवक्षेप कोणत्या प्रतलावर आहेत, ह्या चार प्रश्नांची उत्तरे आलेखाशेजारी असावयास हवीत. त्यांपैकी पहिली तीन साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाने मिळू शकतात. चौथ्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गरज लागते. ती उत्तरे हाती नसता केवळ सर्वोच्च काठिण्यावरून वस्तूला संस्करण ठरवून दिले, तर धक्का सोसावयाच्या जागी ठिसूळ वस्तू जाऊ शकते, आणि चूक उघडकीस येते ती वस्तू तुटल्यावर. भट्टीतील उष्णता मिश्रधातूत नवीन काहीच घालीत नाही. जे आहे त्याची जागा तेवढी बदलते. ती जागा पाहून घेणे हे अभ्यासकाचे काम आहे.